अनुदानाची जाहिरात आली! अर्ज भरण्याआधी ती वाचायची कशी?

वर्षातून एकदा-दोनदा आपल्या वस्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच संदेश फिरतो: ‘बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर. त्वरा करा, शेवटची तारीख जवळ आली.’ सोबत वर्तमानपत्रातल्या कात्रणाचा धूसर फोटो. मग नेरळ, कशेळे, कडावपासून चौक, खोपोलीपर्यंत कागदपत्रांची धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, आधार, पासबुक, झेरॉक्स, स्टॅम्प पेपर. या धावपळीत जाहिरात शेवटपर्यंत वाचलेली माणसे मात्र फार थोडी सापडतात.

आमचे म्हणणे साधे आहे. अर्ज भरणे हे दुसरे काम आहे. पहिले काम म्हणजे जाहिरात सगळ्यांनी मिळून वाचणे आणि ‘आपण अर्ज करायचा की नाही’ हे बैठकीत ठरवणे. कर्जत आणि खालापूरच्या कार्यकर्त्यांसाठी आम्ही इथे हीच मिनी ट्रॅक्टरची योजना उदाहरण म्हणून घेत आहोत. तिच्यावरून वाचायची रीत कळली की दुसरी कोणतीही जाहिरात तशीच वाचता येईल.

हे उपकार नव्हेत

सुरुवात एका गोष्टीपासून करू. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची ही योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी आहे. राज्यघटनेच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती, जमाती आणि दुर्बल घटकांचे शैक्षणिक व आर्थिक हित जपण्याची आणि त्यांना शोषणापासून वाचवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. योजनेचा पैसा त्या जबाबदारीतून येतो. तो कुणा साहेबाच्या किंवा पुढाऱ्याच्या खिशातून येत नाही.

म्हणूनच जाहिरात ताठ मानेने वाचावी. उपकार घेणारा अटी विचारत नाही, हक्क घेणारा प्रत्येक अट विचारतो. कार्यालयात जाऊन ‘ही अट शासन निर्णयात कुठे आहे, दाखवा’ असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. जाहिरात म्हणजे शासन निर्णयाचा सारांश असतो आणि वाद झाला तर शासन निर्णयच खरा धरला जातो. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत, मोफत मिळतो. जाहिरातीत त्याचा दिनांक दिलेला असला तर तो वहीत लिहून घ्यावा आणि मूळ कागद काढून वाचावा. रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे शेजारच्या गटाने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबून राहू नये.

नव्वद टक्के, पण कशाचे?

बहुतेकांची फसगत इथे होते. गेली अनेक वर्षे या योजनेच्या जाहिरातीत असे लिहिलेले असते: ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, त्याच्यासोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. खरेदीची कमाल मर्यादा ३ लाख ५० हजार रुपये. त्याच्या १० टक्के म्हणजे ३५ हजार रुपये गटाचा स्वहिस्सा. उरलेले ९० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३ लाख १५ हजार रुपये, शासनाचे अनुदान.

‘कमाल मर्यादा’ या दोन शब्दांवर बोट ठेवा. अनुदान मर्यादेच्या ९० टक्के आहे, बाजारातल्या किमतीच्या नव्हे. समजा, दुकानदाराने ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ट्रेलर मिळून ४ लाख ८० हजारांचे कोटेशन दिले. शासन देणार ३ लाख १५ हजार. गटाला भरायचे राहिले १ लाख ६५ हजार. विमा आणि आरटीओची नोंदणी कोटेशनमध्ये धरलेली नसेल तर तो खर्च वेगळा.

आता हा आकडा गटाच्या वहीशेजारी ठेवून पाहा. दहा जणींचा गट, प्रत्येकीची महिन्याला १०० रुपये बचत, म्हणजे वर्षाला १२ हजार रुपये. ३५ हजारांचा स्वहिस्सा ही जवळपास तीन वर्षांची बचत झाली. १ लाख ६५ हजार म्हणजे पावणेचौदा वर्षांची. ‘फक्त ३५ हजारांत ट्रॅक्टर’ असे कुणी सांगू लागले तर त्याच्यासमोर ही वजाबाकी मांडावी.

म्हणून जाहिरात हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन आणावे. तोंडी भाव धरून गटाने निर्णय घेऊ नये.

पैसा आधी कुणी घालायचा?

दुसरा प्रश्न वेळेचा. अनुदान खरेदीच्या आधी गटाच्या खात्यावर येणार, की खरेदी करून पावत्या दिल्यावर? एका हप्त्यात की दोन? जाहिरातीत ‘खरेदी केल्यानंतर’, ‘तपासणी झाल्यावर’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे शब्द दिसले तर तिथे थांबावे. अनुदान मागाहून येणार असेल तर मधल्या काळात पूर्ण रक्कम गटाला उभी करावी लागते. ती सावकाराकडून किंवा खासगी फायनान्सकडून उचलली तर अनुदान येईपर्यंत व्याज चढत राहते. अनुदान आले तरी ते व्याज शासन देत नाही.

खात्याचीही अट असते. खाते गटाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत हवे आणि ते अध्यक्ष व सचिव यांच्या आधारशी जोडलेले हवे. आपल्याकडे कित्येक गटांची खाती पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत असतात. नवे खाते काढायला ठराव, सह्या, ओळखपत्रे आणि बँकेच्या चार खेपा लागतात. शेवटच्या तारखेला आठ दिवस उरलेले असतील तर हे होणार आहे का, ते आधीच पाहावे.

ऐंशी टक्क्यांची अट आणि शेजारच्या ताई

गटातील किमान ८० टक्के सदस्य अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध घटकातील असावेत, अध्यक्ष आणि सचिवही त्याच घटकातील असावेत, अशी अट आहे. दहा जणींच्या गटात आठ जणी.

कर्जत-खालापूरमध्ये ही अट कागदावर वाटते तितकी सरळ नाही. आपल्या वस्त्यांच्या शेजारी ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कित्येक गावांत एकाच बचत गटात सहा बौद्ध महिला आणि चार आदिवासी महिला वर्षानुवर्षे एकत्र बचत करतात. जाहिरात आली की कुणीतरी सुचवते, ‘त्या चौघींना काढा, आपल्यातल्या चौघी घाला.’

आमचे स्पष्ट मत आहे की हे करू नये. ट्रॅक्टर पाच-दहा वर्षे चालतो, गावातला विश्वास त्याहून जास्त काळ लागतो. शिवाय सदस्य बदलल्याचे बँकेच्या नोंदीत आणि बैठकीच्या वहीत दिसते. जाहिरातीपुरता बनवलेला गट तपासणीत उघडा पडतो. वेगळा गट करायचाच असेल तर तो आधी चालवून दाखवावा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही पंचसूत्री वर्षभर पाळावी आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहावी. आदिवासी ताईंसाठी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या योजना वेगळ्या असतात. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांची जाहिरातही त्यांच्याबरोबर बसून वाचावी. हेही आपलेच काम आहे.

दाखल्यात अडकू नका

जातीचा दाखला मागताना जाहिरातीत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ लिहिले आहे की फक्त ‘अनुसूचित जाती’, हे नीट पाहावे. राज्याच्या योजनांत नवबौद्ध शब्द स्पष्ट असतो. केंद्राच्या योजनांत तो सहसा नसतो. पण १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला, त्यामुळे बौद्ध अर्जदार त्यातून वगळला जात नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला लागतो. ‘फक्त अनुसूचित जाती लिहिलंय, म्हणजे आपल्याला नाही’ असे म्हणून पाठ फिरवणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. हा गैरसमज प्रत्येक विहारात दूर झाला पाहिजे.

महिलांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. जात वडिलांकडून धरली जाते, म्हणून पुरावा माहेरचा लागतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याची आणि जातीची नोंद, वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, लग्नानंतर नाव बदलल्याचा पुरावा, हे सगळे जमवायला वेळ जातो. सासर कर्जतला आणि माहेर मराठवाड्यात किंवा विदर्भात असेल तर महिनाही पुरत नाही. हे काम जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच उरकावे. गटातल्या प्रत्येक ताईचा दाखला तयार असणे ही अनुदानाची खरी पूर्वतयारी.

ट्रॅक्टरला काम किती?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो जाहिरातीत लिहिलेला नसतो. ट्रॅक्टर आला तर तो वर्षातून किती दिवस चालेल?

आपला भाग भाताचा. खाचरे लहान, बांध जवळजवळ, काही ठिकाणी खाचरापर्यंत वाट नाही. चिखलणीचा हंगाम जेमतेम महिनाभराचा. राजनाल्याचे पाणी मिळणाऱ्या कर्जतच्या गावांत उन्हाळी भात होतो, तिथे दुसरा हंगाम मिळू शकतो. डोंगराकडेच्या गावांत एकाच पिकावर भागवावे लागते. खालापुरात रसायनी, पाताळगंगा आणि द्रुतगती मार्गाच्या बाजूने शेतजमिनी विकल्या गेल्या आहेत. तिथे नांगरायला शेत किती उरले, हे आधी मोजावे लागेल.

हिशेब असा करा. समजा, भाड्याने तासाला ८०० रुपये मिळतात आणि डिझेल, चालक, तेलपाणी जाऊन ३०० उरतात. गटाचे १ लाख ६५ हजार भरून निघायला ५५० तास लागतील. दिवसाला सहा तास धरले तर सुमारे ९२ दिवस. चिखलणीचा महिना एकच असेल तर पूर्ण तीन खरीप हंगाम. तोपर्यंत मोठी दुरुस्ती निघाली नाही तर. आकडे आम्ही नमुन्यादाखल घेतले आहेत, तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

ट्रेलर मिळतो म्हणून विटा-रेतीची वाहतूक करू, असेही काही जण म्हणतात. शेतीसाठी नोंदवलेले वाहन धंद्याच्या वाहतुकीला चालते का, विमा तिथे लागू राहतो का, हे आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी विचारल्याशिवाय ते उत्पन्न हिशेबात धरू नये. यंत्र कोणते घ्यावे, रोटाव्हेटर की कल्टिव्हेटर, याचा सल्ला कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्रात विचारता येतो. हे केंद्र भातावरच काम करते आणि आपल्या दारात आहे. दुकानदाराला विचारण्याआधी तिथे विचारावे.

पुढचा प्रश्न असा की चालवणार कोण? लायसन्स कुणाकडे आहे? ट्रॅक्टर उभा कुठे राहणार? बहुतेक गटांत चालक कुणा ताईचा मुलगा किंवा नवरा असतो. मग हळूहळू ट्रॅक्टर ‘त्यांचा’ होतो आणि बाकीच्या नऊ जणी बघत राहतात. चालकाचा रोज, इतर सदस्यांच्या शेताचा क्रम आणि भाड्याची पावती यांचे नियम अर्ज करण्याआधी ठरले नाहीत तर नंतर ठरत नाहीत.

‘तुमचा हिस्सा मी भरतो’

गावात एखादा ठेकेदार किंवा जमीनदार पुढे येतो आणि म्हणतो, ‘३५ हजार मी भरतो, वरचेही मी बघतो. तुम्ही फक्त सह्या करा. प्रत्येकीला पाच हजार देतो, ट्रॅक्टर माझ्याकडे राहील.’ हातात रोख पैसे आणि काही त्रास नाही, असे वाटते.

सह्या कुणाच्या आहेत ते पाहा. हमीपत्र अध्यक्ष आणि सचिवांचे, खाते गटाचे, नोंदणी गटाच्या नावाची. उद्या तपासणीत ट्रॅक्टर दुसऱ्याच्या अंगणात सापडला, विकला गेला, अपघात झाला, तर नोटीस त्या दोन ताईंच्या नावाने येईल. ठेकेदाराचे नाव कुठेच नसेल. शिवाय गटाने एकदा लाभ घेतला अशी नोंद झाली की पुन्हा त्या योजनेचे दार बंद. आपल्या समाजाच्या नावावरचा निधी आपल्याच बायकांच्या सह्यांनी दुसऱ्याच्या घरी जातो, आणि कागदावर मात्र ‘सबलीकरण’ झालेले असते. ८० टक्क्यांची अट ज्यासाठी ठेवली ते सगळे यात पुसले जाते. हमीपत्रात ट्रॅक्टर विकणे, गहाण ठेवणे किंवा दुसऱ्याला देणे याबद्दल काय लिहिले आहे, ते सही करणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. वाचून न दाखवलेल्या कागदावर कुणीही सही करू नये.

‘फाइल पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटचेही तेच. ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्त अर्ज आले तर निवड लॉटरीने होते. लॉटरीत कुणाचा वशिला चालतो असे सांगून पैसे मागणारा एक तर तुम्हाला फसवतो, नाहीतर कायदा मोडतो. जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचे कार्यालय अलिबागला आहे. खोपोली-पेण मार्गे जाऊन येण्यात आपला दिवस मोडतो. या अंतरावरच एजंटचा धंदा चालतो. चार गटांनी मिळून एक कार्यकर्ता पाठवला, त्याने सगळ्यांचे अर्ज दिले आणि प्रत्येकाची पोच आणली, तर एजंटची गरज उरत नाही. किती अर्ज आले, किती पात्र ठरले, निवड कशी झाली, हे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

मंडळे आणि संस्थांसाठी

विहार समित्या आणि तरुण मंडळांपर्यंत आणखी एका प्रकारची जाहिरात येते, ती कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सीएसआरची. खोपोली-रसायनी पट्ट्यात कारखाने असल्याने ती आशा स्वाभाविक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक गोष्ट असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. कंपनी ज्या भागात काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

पण पैसे घेणाऱ्या संस्थेच्या अटी कडक आहेत. नोंदणीकृत न्यास किंवा संस्था, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी. यातले काही नसेल तर प्रस्ताव कितीही सुंदर लिहा, तो पुढे सरकत नाही. कामांची यादीही ठरलेली आहे. धार्मिक बांधकाम त्यात नाही. शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, सार्वजनिक वाचनालय आहे. म्हणजे विहाराच्या बांधकामासाठी अर्ज करण्यात वेळ जाईल, पण विहाराच्या आवारातल्या, सर्व मुलांना खुल्या असलेल्या अभ्यासिकेचा विचार होऊ शकतो. मात्र अभ्यासिका दाखवून पैसे बांधकामात वळवू नयेत. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते आणि त्यावर सही आपल्याच अध्यक्षांची असते.

दानाच्या अटी दगडात कोरलेल्या

अटी वाचणे आपल्या परंपरेला नवे नाही. बोरघाट चढून गेलात की कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या शिलालेखांत नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी दिल्याची नोंद आहे. पुढे सातवाहनांच्या काळातल्या लेखात त्या गावाला सवलती दिल्या आहेत. त्यात कुणी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खोदू नये. देणारा कोण, घेणारा कोण, कशासाठी आणि कोणत्या अटीवर, सगळे उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे. आपल्या गटाचा निर्णयही इतकाच उघडा असावा.

म्हणून जाहिरात आल्यावर एक बैठक फक्त वाचनासाठी घ्या. एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी विचारावे. मग वहीत पाच उत्तरे लिहा:

१. अनुदान नेमके किती आणि कोणत्या मर्यादेवर? आपल्याला एकूण किती भरावे लागतील?

२. पैसे आधी येणार की नंतर? मधला काळ कसा काढणार?

३. आजच्या तारखेला आपला गट, खाते आणि दाखले अटीत बसतात का?

४. वस्तू आल्यावर वर्षभर काम मिळेल का? कोण चालवणार, कोण हिशेब ठेवणार?

५. सही कुणाची आणि त्या सहीची जबाबदारी किती वर्षांची?

उत्तरे मिळाली तर अर्ज करा, पूर्ण ताकदीने करा, पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका. आपल्या हक्काचा निधी अखर्चित राहणे आपल्याला परवडणारे नाही. उत्तरे मिळाली नाहीत तर ‘या वर्षी अर्ज नाही’ असा ठराव करा आणि त्याखाली कारणही लिहा. तो पराभव नव्हे. पुढच्या जाहिरातीआधी काय तयार करायचे, याची ती यादी आहे.

जयभीम!